अनुभव धागा: 'गाव कुठलं तुमचं?'

मुंबईत दोन मराठी माणसं भेटली की नाव सांगून होतंय न होतंय तोच हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर देताना तुम्ही काय सांगता, काय गाळता, आणि वयाबरोबर ते उत्तर कसं बदललं? लिहा. सुरुवात मी करते.

मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली. 160 चौरस फुटांची खोली, आम्ही सातजण, शिवाय गावाहून आलेला कुणीतरी कायम मुक्कामाला. वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. आमच्या मजल्यावरची कितीतरी बिऱ्हाडं गावी गेली. आम्ही राहिलो, कारण आईला आमच्या शाळा सोडवायच्या नव्हत्या.

घरी आम्ही मालवणी बोलायचो. फोर्टला कॉलेजात गेल्यावर एकदा घाईत 'माका नको' म्हणून गेले आणि बाकावरच्या मुली हसल्या. पुढे एके दिवशी भर पावसात वडील छत्री घेऊन फाटकापाशी उभे. 'गो बाय, भिजतलंस मगे!' त्यांनी हाक मारली. मी मैत्रिणींसमोर म्हटलं, 'बाबा, तुम्ही कशाला आलात?' अगदी शुद्ध, स्वच्छ. त्यानंतर माझ्या मैत्रिणींसमोर ते माझ्याशी जपून, अडखळत पुस्तकी मराठी बोलायचे. माझ्यासाठी त्यांनी स्वतःची भाषा बदलली, आणि ते जाईपर्यंत माझ्या हे ध्यानातही आलं नाही.

वरळी कोळीवाड्यातून

ताई, मला हा प्रश्न विचारला की मी पायाखाली बोट दाखवते. हेच माझं गाव. मे महिन्यात शाळेतली सगळी मुलं गावाला जायची, आणि मी बाईंना विचारलं होतं, 'आपण कुठे जायचं?'

आई पाटी घेऊन दारोदार फिरायची. शाळेत जाताना मी लिंबाची साल हातांवर चोळायचे, वास जावा म्हणून. घरातली पहिली पदवीधर मी, आता बँकेत आहे. सागरी किनारा रस्त्याचं काम आलं तेव्हा कागदपत्रं वाचायला वडिलांनी मलाच बसवलं. होड्या जायच्या वाटेवर खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवणार होते. आमच्या लोकांनी काम अडवलं, भांडले, तेव्हा कुठे ते 120 झालं. मागणी त्याहून जास्त होती. त्या दिवसांत कळलं, माझं शिक्षण मला वाड्यातून बाहेर काढायला नव्हतं. बोंबील अजून मीच साफ करते. लिंबू नंतर माशालाच.

डोंबिवलीहून

माहेरचं सांगू की सासरचं? लग्नानंतर सगळे सासरचंच गाव विचारतात, आणि तिथे मी आयुष्यात चार वेळा गेले असेन. हल्ली मी डोंबिवली सांगते. तीस वर्षं 7:52 ची गाडी पकडली, तेवढा हक्क पुरे.

विक्रोळीहून

हा प्रश्न सगळ्यांसाठी सारखा नसतो, हे इथे नोंदवायला हवं. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, आणि तिसरा विचारायची गरज उरत नाही.

वडील 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले, गोदीत हमाली केली. गावात आमचं घर वेशीबाहेर होतं. लहानपणी मीही हट्ट करायचो, सगळे जातात, आपण का नाही? एका सुट्टीत ते आम्हा भावंडांना परळच्या बीआयटी चाळीत घेऊन गेले. बाबासाहेब वीसहून अधिक वर्षं जिथे राहिले, त्या खोलीसमोर उभं करून म्हणाले, 'हे बघा आपलं गाव.' दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरून येताना शिवाजी पार्कातून ते एक पुस्तक आणायचे. त्यांना अक्षरं लावून लावून वाचावं लागायचं. ती पुस्तकं ठेवलेली पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आहे. मी आज शिकवतो, पण बदलीच्या ठिकाणी कुणी गाव विचारलं की छातीत काहीतरी आवळतं. मी 'मुंबई' म्हणतो, आणि समोरचा म्हणतो, 'नाही हो, मूळ गाव?'

धागाकर्ती

दादा, प्रश्न लिहिताना मी हे मनातही आणलं नव्हतं. ज्यांना गावाचं नाव सांगायचं नाही त्यांनी सांगू नका, पण लिहा.

सायनहून

माझं मूळ जौनपूरचं. शिकलो महापालिकेच्या मराठी शाळेत, कारण ती घराजवळ होती, इतकं साधं. इथे मला 'भैया' म्हणतात, तिकडे 'बंबईवाला'. मागच्या वर्षी आजी गेली तेव्हा गावी गेलो होतो. अंधारात उंबऱ्याला ठेच लागली आणि तोंडातून निघालं, 'आई गं!' चुलतभाऊ हसले. आई मात्र आतून धावत आली आणि मराठीतच म्हणाली, 'कुठे लागलं रे?'