आजचे जग सर्वाधिक कोणत्या शतकाने घडवले?

गिरगावकर:
या प्रश्नावर आमच्या वाचनमंडळात एकमत झाले नाही. बहुतेकांनी विसावे शतक सांगितले. परंतु ते खरोखर मोठे आहे की केवळ जवळचे असल्यामुळे मोठे दिसते, ही शंका माझ्या मनातून जात नाही. जाणकारांनी कारणांसह मत मांडावे.

परळचा रहिवासी:
माझ्या मते एकोणिसावे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व येथील अनेक पेढ्या आणि बँका बुडाल्या. सातासमुद्रापलीकडच्या लढाईने एखाद्या शहराला श्रीमंत करावे आणि तिथल्या युद्धसमाप्तीने त्याचे दिवाळे काढावे, हेच आजचे जग नव्हे काय? माझे आजोबा गिरणीत साचे चालवत. परदेशातील मागणी घटली की चाळीत चूल मंदावते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

दादरचा विद्यार्थी:
आपण फळांविषयी बोलत आहात. मुळे सतराव्या शतकात आहेत. निसर्गाचे नियम गणितात मांडता येतात, हे न्यूटनने १६८७ मध्ये दाखवले. त्याआधीच, १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने सामान्य नागरिकांकडून भागभांडवल उभे केले होते. अशाच भागधारकांच्या एका इंग्रज कंपनीला १६६८ मध्ये राजाने मुंबई बेट वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या भाड्याने दिले, हे मुंबईकराने तरी विसरू नये.

रसायनशास्त्राची शिक्षिका:
मी विसाव्या शतकाच्या बाजूने आहे, कारण प्रश्न भाकरीचा आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखवला आणि बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना सुरू झाला. त्या शतकात जगाची लोकसंख्या सुमारे १६० कोटींवरून ६०० कोटींपलीकडे गेली. या अमोनियापासून बनणाऱ्या रासायनिक खतांवाचून एवढ्यांना पुरेल इतके धान्य पिकले नसते.

परळचा रहिवासी:
बाई, खताचे महत्त्व मला मान्य आहे. तथापि नायट्रोजनच्या अभावी गहू अपुरा पडेल आणि त्यावर उपाय रसायनशास्त्रज्ञांनीच शोधावा, असे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी १८९८ मध्येच जाहीर भाषणात बजावले होते.