यॉर्कच्या नावाचा अर्थ कोणता मानावा?

धागा

इंग्लंडमधील यॉर्क या शहराच्या नावाचा अर्थ कोणी ‘रानडुकरांचे गाव’ असा सांगतात, तर कोणी ‘घोड्यांची खाडी’ असा. माझ्या मते हे दोन्ही अर्थ नावाला मागाहून चिकटलेले आहेत. इ.स. 71 च्या सुमारास रोमन सैन्याने ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमाजवळ तळ उभारला, तेव्हा तेथे आधीपासून रूढ असलेले केल्टिक (रोमनांपूर्वी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या लोकांच्या भाषेतले) नाव लॅटिन वळणाने ‘एबोराकुम’ झाले. पुढे आलेल्या अँग्लियन लोकांना (एका जर्मेनिक टोळीला) त्यातून काहीच बोध होईना, म्हणून त्यांनी आपल्या भाषेतला ‘एओफोर’, म्हणजे रानडुक्कर, त्यात बसवून ‘एओफोरविक’ केले. 866 मध्ये शहर जिंकणाऱ्या व्हायकिंगांच्या तोंडी त्याचे ‘योर्विक’ झाले, आणि त्यांच्या भाषेप्रमाणे त्याचा अर्थ ‘घोड्यांची खाडी’ असा लावला गेला. शहर समुद्रापासून बरेच आत असताना तेथे खाडी कुठून येणार? ‘यू वृक्षांची जागा’ (यू हे एक सदाहरित झाड) हा मूळ केल्टिक अर्थच खरा मानला पाहिजे.

प्रतिसाद 1

असहमत. ‘विक’ हा भाग अँग्लियन लोकांनी न समजता जोडलेला नाही. त्यांच्या भाषेत तो व्यापारी वस्तीसाठी वापरला जाई, आणि यॉर्कमधील फिशरगेट येथील उत्खननात त्या काळच्या अशा वस्तीचे अवशेष सापडलेले आहेत. आजचे ‘यॉर्क’ हे रूपही योर्विकवरूनच आलेले आहे. ज्यांनी नाव घडवले आणि शतकानुशतके वापरले, त्यांना अर्थ ठरवण्याचा अधिकारच नाही, हे मला मान्य नाही.

प्रतिसाद 2

माझा आक्षेप ‘यू’ वृक्षावरच आहे. जुन्या आयरिशमधील ‘इबर’ म्हणजे यू हे खरे, पण त्याच कुळातला वेल्श शब्द ‘एव्हुर’ एका रानटी वनस्पतीसाठी वापरतात. शिवाय ‘एबुरोस’ या व्यक्तिनामाला प्रत्यय लागून ‘एबुरोसची मालमत्ता’ असा अर्थही निघू शकतो. एवढे पर्याय असताना एकच अर्थ ठामपणे सांगणे योग्य नव्हे.

धागाकर्ता

‘विक’विषयीचा मुद्दा वजनदार आहे, मात्र वाद पहिल्या अर्ध्या भागाचा आहे. एबुरोस नावाचा कोणी माणूस असलाच, तरी त्याचे नाव केल्टिकच ठरते. झाड की माणूस, हा प्रश्न खुशाल खुला ठेवावा. रानडुक्कर आणि घोडा यांना मूळ अर्थात जागा देता येत नाही.

प्रतिसाद 1

मूळ अर्थात नाही, हे ठीक. पण शहराच्या माहितीत केवळ केल्टिक अर्थ देऊन अँग्लियन आणि व्हायकिंग रूपे वगळली, तर एबोराकुमचे यॉर्क कसे झाले हे वाचकाला कधीच कळणार नाही.