पुराची धास्ती: स्वभाव की जुनी जखम?

कृष्णाकाठचा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिक्कोडी तालुक्यातलं आमचं घर छपराला लागेपर्यंत पाण्यात होतं. अण्णा तोवर चावडीवर गप्पांचा फड जमवणारा माणूस. आता जून लागला की कोयनेतून किती सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर किती क्युसेक, एवढंच. उतारे, रेशनकार्ड, आईचे दागिने पिशवीत बांधून माळ्यावर. फेब्रुवारीतही गाठ सुटत नाही. परवा वहिनीनं लग्नासाठी दागिने काढले, तर दोन दिवस धड जेवले नाहीत. भाऊ म्हणतो, म्हातारपणाचा स्वभाव. मला पटत नाही.

अथणी_रोड: हल्ली कशालाही आघात म्हणतात ओ. आमच्या आजोबांनी ७२ चा दुष्काळ काढला, मरेपर्यंत ताटात शीत टाकू दिलं नाही. आम्ही त्याला काटकसर म्हणायचो.

रायबागची_नर्स: म्हणजे दुष्काळानं माणूस बदलला, हे तुम्हीच सांगितलं की! आघातोत्तर ताणाच्या आजाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली नाव मिळालं, माणसं त्याआधीही दचकतच होती. पण प्रत्येक सवय आजार नसते. महिना उलटूनही झोप नाही, तीच दृश्यं डोळ्यांपुढे, त्या गोष्टी टाळणं, आणि रोजचं जगणं अडणं, हे बघायचं.

निपाणीकर: मी अण्णांच्या बाजूनं. २००५, २०१९, २०२१. यमगर्णीला महामार्गावर पाणी आलेलं मी बघितलंय. काठावरचा माणूस पिशवी बांधतो ते शहाणपण. त्याला गोळ्या देऊन निर्धास्त करणार आणि पुढच्या पुरात काय करणार?

कृष्णाकाठचा: पिशवीबद्दल मान्य. २०२१ ला तीच उचलून बाहेर पडलो. पण मार्च महिन्यात रात्री दोनला उठून उंबऱ्याला हात लावून ओल बघतात. त्याला काय म्हणू?

अथणी_रोड: हे आधी सांगायचं की राव. मग वेगळी गोष्ट. पण डॉक्टरकडं नेलं तर गाव काय म्हणेल, तेही बघा.

रायबागची_नर्स: गाव रात्री दोनला उठत नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा, फोन मोफत आहे, मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. आणि ती पिशवी त्यांना न विचारता कुणी सोडू नका.

कृष्णाकाठचा: फोनवर ते बोलायचे नाहीत, आधी मीच बोलून बघतो. वहिनीनं आज दागिने परत पिशवीत ठेवले. गाठ अण्णांनीच मारली, दोनदा.