मदत हवी आहे: क्रास्नोयार्स्क, गुडघेवाले बाबा आणि स्तोल्बी

जूनच्या मधल्या आठवड्यात ट्रान्ससायबेरियन रेल्वेने जाताना क्रास्नोयार्स्कला 2 दिवस उतरतोय, मी आणि बाबा (वय 66, कोयनेच्या पॉवरहाऊसमधून रिटायर). बाबांना फक्त येनिसे नदीवरचं धरण बघायचंय, 6000 मेगावॅट म्हणजे कोयनेच्या तिप्पट हे ते येईल त्याला ऐकवतात, 10 रुबलच्या नोटेवर ते धरण छापलंय तो फोटो तर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरपण टाकला. त्याची काळजी नाही, दिव्नोगोर्स्कला टॅक्सीने जाऊ.

अडलंय ते स्तोल्बीवर, म्हणजे शहराजवळच्या राष्ट्रीय उद्यानावर. मला ते जंगलातले उंच खडक बघायचेतच, पण लालेतिनोच्या गेटपासून मधल्या खडकांपर्यंत साधारण 7 किमी चढ आहे आणि बाबांचे गुडघे सपाटीवर 2-3 किमी चालतात, जिना आला की संपलं. बाजूच्या बोब्रोवी लोग स्की पार्कची चेअरलिफ्ट आहे हे माहितीये, नकाशे बघून झाले, रशियन रिव्ह्यू ट्रान्सलेटरमधून वाचले पण त्यात कोणी गुडघ्यांबद्दल लिहीत नाही, तिथल्या खारुताया शेंगदाणे खातात तेच सगळे लिहितात.

आपली कार्डं तिकडे चालत नाहीत, कॅश नेतोय. गोचिडींचं माहितीये, फुल पँट, स्प्रे सगळं घेतलंय. बाबांना हॉटेलवर ठेवून जा असं प्लीज सांगू नका, ऐकणार नाहीत.

तर कोणी गेलं असेल तर एवढंच सांगा, लिफ्टने वर उतरल्यावर ताकमाक (तिथला एक मोठा खडक) नीट दिसेल अशा जागेपर्यंत किती चालावं लागतं, आणि मध्ये पायऱ्या किती?