मदत हवी आहे : पाळीव आणि खाद्य उंदरांचं घर, नागपूरच्या उन्हाळ्यात

नमस्कार मंडळी,

घरात पांढरे उंदीर येणार आहेत, दोन वेगळ्या कारणांसाठी. मुलीला तीन माद्या पाळायच्या आहेत. आणि धाकट्या दिराकडे बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या जातीतला पाळीव साप आहे (केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला), त्या सापाच्या खाण्यासाठी एक नर आणि दोन माद्या अशी लहानशी वसाहत करायची आहे. सध्या तो दुकानातून उंदीर आणतो. तिथे छोट्या पिंजऱ्यात खच्चून भरलेले असतात, खाली ओला भुसा, अंगावर चावल्याच्या जखमा. सापाला उंदीर लागणार, हे मला मान्य आहे. पण त्या उंदरांना भूक, उकाडा, घाण आणि भीती यांत दिवस काढावे लागू नयेत, एवढं आपल्या हातात आहे आणि ते मी करणारच. म्हणून दोन्ही घरं सारखीच चांगली हवीत. "खाद्याचेच तर आहेत, चालतं" असा सल्ला कृपया देऊ नका.

काय ठरवलंय ते सांगते. पक्ष्यांचे पिंजरे बाद केले, कारण तारांमधलं अंतर जास्त असतं आणि पिल्लाचं डोकं शिरलं की पिल्लू बाहेर. माशांची काचेची टाकी घरात पडून आहे, पण तिला हवा फक्त वरून मिळते आणि लघवीतून सुटणारा अमोनिया आतच कोंडतो. उंदरांच्या फुप्फुसांना तो फार वाईट. त्यामुळे कपडे ठेवायचे मोठे प्लास्टिकचे डबे घेऊन झाकणाला आणि दोन्ही लांब बाजूंना खिडक्या कापायच्या, आणि पाव इंची वेल्डेड जाळी नट-बोल्टने बसवायची असा बेत आहे. जाळी आतून लावणार, म्हणजे कापलेली कड दाताखाली येणार नाही.

अंथरायला सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, तरी नको म्हटलं. चीड-देवदारच्या लाकडाचा वास श्वासाला आणि यकृताला त्रास देतो, आणि प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात ती वेगळीच. भंडारा-गोंदियाकडून भाताचा तूस पोत्याने मिळू शकतो. उंदरांखाली तूस कोणी वापरलाय का? धूळ किंवा किडे यांचं काय करता?

घरट्यासाठी टिश्यू पेपर आणि कागदाच्या पट्ट्या देणार. दुकानात मिळणारा कापसासारखा मऊ गोळा नको, त्याचे धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळले जातात. चाक अखंड पृष्ठभागाचं आणि मोठं, म्हणजे पळताना पाठ वाकणार नाही आणि शेपूट अडकणार नाही.

आता मुख्य अडचण. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीत कूलर आहे, पण दुपारी वीज गेली की तासाभरात खोली तापते. एसी नाही. त्या वेळी डबा गार कसा ठेवायचा?

— — —

प्रतिसाद : ताई, मी फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात काम करतो. आमच्याकडे तूसच अंथरतात. चाळणीने चाळून बारीक धूळ काढतो, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने, निर्जंतुक करतो. घरी प्रेशर कुकरच्या भानगडीत पडू नका. चाळून, पातळ पसरून, नागपूरच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि झाकणबंद डब्यात ठेवा. गोदामात उघड्यावर पडलेला तूस मात्र घेऊ नका, त्यावर तिथल्या उंदीर-घुशींनी लघवी केलेली असू शकते. तूस ओल फारशी शोषत नाही, म्हणून त्याखाली वर्तमानपत्राचा जाड थर द्या.

उष्णतेचं सांगतो. प्रयोगशाळेत आम्ही खोली २० ते २६ अंशांत ठेवतो. घरी तेवढं जमणार नाही, पण पारा तिशीच्या वर चढला की लक्ष हवंच. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तो आडवा पसरला, अंगावरची लव लाळेने ओली दिसली, की समजा त्याला उकाडा सोसत नाहीये. अशा वेळी गार जागी हलवा, पाय-शेपटीला साधं पाणी लावा. बर्फाचं पाणी नको.

कूलर चालू द्या, पण झोत डब्यावर थेट नको. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा कोरडी असते म्हणून कूलरचा उपयोग होतो. पावसाळ्यात तोच खोली दमट करतो आणि अंथरूण ओलसर राहतं, तेव्हा पंखाच बरा. वीज गेल्यावर गोठवलेली पाण्याची बाटली झाकणाच्या जाळीवर एका टोकाला, ताटलीत ठेवा. गार हवा खाली उतरते आणि ज्याला नको तो दुसऱ्या टोकाला जातो. बाटली आत ठेवली तर कुरतडून सगळं ओलं करतील. आत शहाबादी फरशीचा तुकडा आणि फुटक्या माठाची अर्धी खापर उपडी ठेवा, दुपारी तिथेच येऊन पडतील. पाण्याच्या दोन बाटल्या लावा आणि रोज नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून बघा. उन्हाळ्यात ती अडकली तर एका दिवसात जीव जातो.

— — —

प्रतिसाद : मुंग्यांचं कोणी बोललं नाही. नुकती जन्मलेली, केस नसलेली पिल्लं मुंग्या अक्षरशः खाऊन टाकतात. डबा टेबलावर ठेवा आणि टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, जुन्या जाळीच्या कपाटाला ठेवायचो तसे. वाटीत पाणी आटू देऊ नका. मुंग्यांचा खडू किंवा स्प्रे डब्याजवळ अजिबात नको.

दिराला माझ्याकडून एक विनंती. सापापुढे जिवंत उंदीर सोडू नये. उंदीर घाबरून सापालाच चावतो, त्याच्या जखमा वाईट होतात, आणि उंदराची भीती तर विचारू नका. आधीच वेदनारहित पद्धतीने मारलेला, गोठवून ठेवलेला आणि नीट वितळवून कोमट केलेला उंदीर बॉल पायथन सवयीने घेतो. मारायची पद्धत पशुवैद्याकडूनच शिका. जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणं ही क्रूरता आहे.

— — —

धागाकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. मुंग्या आणि खापर, दोन्ही माझ्या डोक्यात नव्हते. दिराशी बोलले, तो गोठवलेल्या खाद्याकडे वळायला तयार आहे. आता दोन शंका उरल्या. नर-माद्या कायम एकत्र राहिल्या तर चालतं का? आणि वास येऊ नये म्हणून डबा किती वेळा पूर्ण धुवायचा?

— — —

प्रतिसाद (प्राणीगृहवाले) : कायम एकत्र नको. गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो आणि विल्यावर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. एक पिढी दूध पीत असताना दुसरी पोटात, यात मादी झिजते. पोट दिसू लागलं की नराला दुसऱ्या डब्यात हलवा. तोही डबा सगळ्या सोयींचा असावा, कारण मोठे नर अनोळखी नराबरोबर जीव जाईपर्यंत भांडतात, त्याला एकटंच राहावं लागेल. पिल्लं २१ दिवसांची झाली की दूध सुटतं. त्यानंतर लवकरात लवकर नर-माद्या वेगळे करा, पाच-सहा आठवड्यांत ती स्वतः वीण देऊ लागतात. तुमच्या मुलीच्या तिन्ही माद्या खरंच माद्या आहेत ना, हे आणतानाच तपासून घ्या.

पूर्ण धुणं वारंवार नको. सगळा वास गेला की ते अस्वस्थ होतात आणि आणखी जास्त खुणा करतात. ओला कोपरा दर एक-दोन दिवसांनी काढा, आठवड्याला अंथरूण बदला आणि त्यातलं मूठभर कोरडं, जुनं घरटं परत ठेवा. घरट्याचा वास राहिला तर भांडणं कमी होतात, लघवीने भिजलेलं अंथरूण परत टाकलं तर वाढतात. पिल्लं असतील तर पहिला आठवडा घरट्याला हातच लावू नका. नाक जवळ नेल्यावर डोळे चुरचुरले तर मात्र लगेच बदला.

आणि मुलीला पहिल्या दिवसापासून सांगा, शेपटीला धरून उचलायचं नाही. पुठ्ठ्याची नळी आत ठेवा, उंदीर त्यात शिरला की नळीसकट उचला. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की असे उचललेले उंदीर माणसाला बरेच कमी घाबरतात. डबे बनवताना जाळीची टोकं कानशीने घासायला विसरू नका, आणि झाकणाला दोन्हीकडून क्लिपा लावा.