धुतल्यावर सासूबाईंच्या पाचूत पांढऱ्या रेघा

वैदेही, सांगली:
सासूबाईंची पाचूची अंगठी, चाळीसेक वर्षं बोटात. पाडव्याआधी सराफाकडे उजळायला दिली, त्यांनी दागिने धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकली. सोनं लखलखीत झालं, पण खड्यात पांढरट रेघांचं जाळं. आधी एकही दिसत नव्हती. खडा खोटा होता की मशीनने फुटला? सासूबाई काही बोलत नाहीत, पण रोज खिडकीशी धरून बघतात.

गलाईवाला, विटा:
ताई, एवढ्यावरून खोटा ठरवू नका. आमचं घर सोनं-चांदी गाळणारं. मी बारा वर्षं जयपुरात भट्टी चालवली, शेजारी पाचूचे कारागीर होते. बिनचिरेचा पाचू मी क्वचितच पाहिला. पैलू पाडून झाले की ते चिरांत देवदाराचं तेल भरायचे. तेलातून उजेड जवळपास पाचूतल्यासारखाच वळतो, म्हणून चीर डोळ्याला लागत नाही. जुनी रीत आहे, गिऱ्हाइकाला सांगून केली तर त्यात फसवणूक नाही. मशीनच्या थरथरीने तेल निघालं असणार. चिरांत हवा शिरली की त्या पांढऱ्या दिसतात. तेल परत भरता येतं. त्याआधी नवा तडा नाही ना, हे दहापट भिंगाखाली बघून घ्या.

कृष्णाकाठ, मिरज:
रंग गर्द आहे का? मग कोलंबियाचा असेल.

गलाईवाला, विटा:
नुसत्या रंगावरून खाण सांगू नये. हिरवा रंग क्रोमियम, व्हॅनेडियममुळे येतो, आणि गर्द खडे झांबियातही निघतात. राजस्थानातही 1940च्या दशकापासून पाचू काढलाय. कोलंबियाच्या मुझो खाणीतल्या खड्यात भिंगाखाली कधी कधी खाऱ्या पाण्याचा थेंब दिसतो, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी कण. मला एका कारागिराने तो दाखवला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी! खात्री मात्र रत्नपरीक्षा प्रयोगशाळेतच करून घ्या.

वैदेही, सांगली:
दादा, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो आधीपासून असाच होता." आज खिडकीशी गेल्या नाहीत. अंगठी बोटात घट्ट होते, तेल भरताना सैलही करून घेऊ का?

गलाईवाला, विटा:
घ्या, पण आधी खडा कोंदणातून काढायला लावा. डाग देताना, म्हणजे सोन्याचा सांधा जोडताना, ज्योतीची धग पाचूला सोसत नाही, तडकतो. आणि तेल शेवटी, अंगठी तयार झाल्यावर. पुढे कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढंच. भांडी घासताना काढून ठेवायला सांगा आईंना.