कंबर, पट्टा आणि चौथी सीट: तुमच्या पाठदुखीचे अनुभव लिहा

लोकलवाली
काल संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये एक मुलगी दिसली, विशी-बाविशीची. कुडत्यावरून पट्ट्याची कड दिसत होती. खांबाला धरून दर मिनिटाला या पायावरून त्या पायावर. बघताक्षणी कळलं, कारण २०१६ मध्ये तीच मी होते. उठून जागा दिली तर म्हणाली, "नको काकू, बसलं की जास्त दुखतं." (काकू! असो.)

माझं सुरू झालं भरलेली बादली उचलताना. बाथरूममध्ये ओणवी ती ओणवीच. सरळ होता येईना, खाली बसता येईना, आणि बाहेरून सासूबाई विचारतायत, "चहा टाकू का?" मग डाव्या पायात करंगळीपर्यंत कळ. एमआरआयमध्ये एल५-एस१ ची, म्हणजे कमरेच्या अगदी तळाच्या मणक्याखालची गादी सरकलेली. एक सर्जन म्हणाले, ऑपरेशन लगेच करून टाका. दुसऱ्यांनी फिल्म बघण्याआधी मला टाचांवर आणि मग चवड्यांवर चालायला लावलं. म्हणाले, पायात ताकद आहे, सहा आठवडे थांबू. थांबले. गोळ्या, फिजिओ, चालणं. चार महिन्यांनी पाय सुटला. कंबर अजून अधूनमधून हजेरी लावते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर मात्र तेव्हापासून बसले नाही, अर्धं बूड हवेत ठेवून डोंबिवली गाठायची हिंमत नाही.

तुमचं कसं सुरू झालं, काय काय केलंत?

ताकपीत
शिंक. फक्त एक शिंक. पंधरा दिवस आडवा. बायको अजून पाहुण्यांना अभिनयासकट सांगते.

माळरान
आमच्याकडं उसण भरली की पायाळू, म्हंजी जन्मताना पायाकडनं आलेला माणूस हुडकायचा, त्यानं कमरेला पाय लावला की उतरती म्हणत्यात. मी स्वतः पायाळू. शाळेला निघायच्या आधी दारात दोन-तीन जणं पालथी पडलेली असायची. एकदा हेडमास्तर. त्यांच्या पाठीवर पाय जरा जोरात पडला असंल, खोटं कशाला बोलू. आता मलाच मणक्यात गॅप सांगितलाय अन् वाडीत दुसरा पायाळू न्हाई. हल्ली पायाकडनं येणारं पोर सिझरनंच काढत्यात, त्यात गुण ऱ्हातो का कुणी सांगंना.

लोकलवाली
हेडमास्तर!! हसू नका म्हणून सांगितलंय हो मला डॉक्टरांनी.

निर्गुडी
कटिबस्ती केली आठ दिवस. कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं, त्यात कोमट तेल. काय सुख, घोरायचे तिथेच. महिनाभर छान गेला, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. वैद्यबाई प्रामाणिक, म्हणाल्या शेक मी देईन, पोटाचे-पाठीचे स्नायू तुम्हालाच कमवायचेत. आईला एकच दुःख, एवढ्या उडदात पापड झाले असते.

रात्रपाळी
माझं उलटं होतं म्हणून लिहितो. वय २३. पहाटे तीन-चारला दुखून जाग यायची, सकाळी तासभर कंबर म्हणजे लाकूड. हिंडायला लागलं की बरं, आराम केला की वाढायचं. सगळे म्हणाले बाईक सोड, गादी बदल. तीन गाद्या बदलल्या. चार वर्षं गेली. मग एकदा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कंबर दुखते का?" मी चक्रावलोच. त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तात एचएलए-बी२७ ची तपासणी पॉझिटिव्ह, निदान अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात. आता गोळ्या आणि रोज व्यायाम, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी कळतं. तरुण कुणी असं आरामाने वाढणारं दुखणं सांगत असेल तर त्याला गादीच्या दुकानात पाठवू नका प्लीज.

ताकपीत
तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरनी कंबर पकडली. आमच्या कंबरेच्या डॉक्टरनी खिसा पकडला.

खाडीपलीकडे
आईचं लिहिते. भातलावणीला दिवसभर चिखलात ओणवी. रात्री चुलीतली तापलेली वीट फडक्यात गुंडाळून कमरेखाली. खूपच झालं तेव्हा तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले वाकायचं नाही. जुलै महिना. ती म्हणाली, "मग आवण (भाताची रोपं) उभ्याने लावू?" त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं.
एवढंच. कुकर झालाय, जाते.

चकली
घाबरवत नाही, पण हे माहीत हवं. दोन वर्षं सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, होतीच. एक दिवस पोळ्या करताना बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, सायकलच्या सीटची जागा म्हणा ना. दुपारपर्यंत लघवी होईना. मला वाटलं पाणी कमी पडलं, दोन तांबे प्यायले! नशिबाने नणंद नर्स, फोनवर ओरडलीच, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ. त्याच रात्री ऑपरेशन. सात वर्षं झाली, सगळं ठीक, उजव्या पायातली चप्पल तेवढी निसटते. ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो असं तोवर मला चार जणांनी सांगितलं होतं.

निर्गुडी
बाई गं. टाचेमागे बंद असलेली सँडल घाल.

सदाशिव_पेठ_जवळ
अय्यंगार पद्धतीचा वर्ग लावला. पहिल्या दिवशी विटा, दोऱ्या, खुर्च्या, लोड बघून गोडाऊनमध्ये आलो असं वाटलं. भिंतीच्या दोरीला कमरेतून लटकवलं तेव्हा पाच वर्षांत प्रथमच पाठ आहे हे विसरलो. वर्षभर लागलं. पुढे वाकायची आसनं मात्र मला सुरुवातीला बंद होती, व्हिडिओ बघून पश्चिमोत्तानासन करायला जाऊ नका. मी गेलो होतो.

ताकपीत
कापसाची गादी की फोमची? वाद घाला, वेळ आहे.

चकली
कापसाची. पण पिंजारी कुठे मिळतो आता.

दुपारचा_चहा
वाचून घेतलं सगळं. @माळरान, मिरजेच्या बाजूला कुणी पायाळू आहे का ओळखीचं? माझा विश्वास नाही, पण नवऱ्याची उसण भरलीय आणि कुणीतरी लाथ घातलेली बघायची आहे.

माळरान
ताई, त्याला पायाळूच कशाला पायजे.